पासेम

"चे," फादर सेवरिन म्हणाले. "से नाही, चे. पाचेम. पुन्हा."

आम्ही पुन्हा म्हटलं. अर्ध्यांचं चे झालं, अर्ध्यांचं से, आणि पास्कूभाऊंच्या जाड्या आवाजातून दोन्हींच्या मधलं भलतंच काहीतरी आलं. फादरांनी वही मिटली आणि डोळे मिटले.

"फादर, पाचेम म्हणा नायतर सहाचेम म्हणा," पास्कूभाऊ म्हणाले, "देवाला द्यायची असेल तर तो देतोच."

सगळा कॉयर, म्हणजे चर्चमध्ये गाणारे आम्ही सगळे, हसलो, फादरही हसले, पण हट्ट काही सोडला नाही. ते नुकतेच रोमहून शिकून आले होते. नव्याचे नऊ दिवस, असं आमच्या वसईच्या बायका म्हणायच्या, पण या माणसाचे नऊ दिवस संपता संपत नव्हते. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चर्चमध्ये जगाच्या शांतीसाठी प्रार्थना असते, तेव्हा त्यांना एक जुनं लॅटिन गाणं बसवायचं होतं. तीनशे वर्षांपूर्वीचं, तिकडं युरोपात लढाया चालल्या होत्या तेव्हाचं. कुणी रचलं ते आम्हांला कधीच कळलं नाही, कारण आमच्याकडच्या कागदावर नाव होतं तेवढाच कोपरा वाळवीनं खाल्ला होता. अर्थ अगदी सोपा, देवा आम्हांला शांती दे. शेवटचा शब्द पाचेम. पाचेम म्हणजे शांती.

आता हे से कुठून आलं ते सांगते. तो कागद माझ्या आजोबांचा, आईच्या वडलांचा. इनास मास्तर म्हणजे आमच्या गावचा कॉयर. व्हायोलिन, लॅटिन, सगळं ते एका म्हाताऱ्या गोवेकराकडून शिकले होते, आणि त्याचं लॅटिन पोर्तुगीज वळणाचं. म्हणून आमच्या गावात शांतीला पासेम म्हणत. दोन पिढ्या आम्ही देवाकडं पासेम मागितली आणि त्यानंही कधी तक्रार केली नाही.

कॉयर चर्चच्या मागच्या माडीवर उभा राहायचा, आणि त्यात माझी जागा ठरलेली होती. डावीकडं रेजिनामावशी, उजवीकडं माझी आई फिलोमिना, मध्ये मी. आवाजाच्या हिशेबानं हे साफ चूक होतं. मावशीचा आवाज उंच, आईचा त्याखालचा, दोघी बहिणींनी खांद्याला खांदा लावून गायला हवं. पण दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि कॉयर सोडायलाही दोघींपैकी एकही तयार नव्हती. म्हणून मध्ये कुणीतरी लागायचं. आधी एक म्हातारी शेजारीण उभी राहायची, ती वारली तेव्हा मला उभं केलं. भिंतीला तरी कान असतात म्हणतात, मला तर दोन्ही बाजूंनी होते.

मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेत, एक वेळ अशी येते की फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या. मग सगळे डावीकडं उजवीकडं वळतात, हात जोडतात, जवळची माणसं हात हातात घेतात. मावशी माझा हात दोन्ही हातांत घ्यायची आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवायची. डोळे मात्र माझ्या खांद्यावरून पलीकडं. मग मी तोच गरम हात घेऊन आईकडं वळायची. आई माझी बोटं घट्ट दाबायची, तीही जरा जास्तच. दर रविवारी मी अशी ये-जा करायची. पोस्टमनला पत्रात काय आहे ते ठाऊक नसतं, मला ठाऊक होतं.

घरीही हेच. मावशीचं घर आमच्या वाडीच्या पलीकडं. ती सुकेळी फार छान करायची. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली ती मधासारखी सुकेळी डब्यात भरून माझ्या हाती द्यायची. आई म्हणायची, ठेव तिकडं. तिला खाताना मी कधी पाहिलं नाही, पण डबा रिकामा व्हायचा. आणि कुणाचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही ही तर आमच्याकडची रीत, म्हणून आई त्यात वाल, चवळी, कधी मोगऱ्याच्या कळ्या घालून पाठवायची. अकरा वर्षं दोघींत एक शब्द नाही, पण तो डबा काही थांबला नाही.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजात जात होते आणि मला सगळं कळतं असं मला वाटत होतं. ऑक्टोबरात मावशीच्या मुलाचं, ग्लेनचं, पत्र आलं. तो ऑस्ट्रेलियात स्थिर झाला होता आणि मावशीला कायमची तिकडं नेणार होता. पाच जानेवारीचं विमान. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे दुखतात, इथं एकटीनं राहून करणार काय, असं सगळे म्हणाले. मला मात्र एकच दिसत होतं. मावशी जाईल आणि आई तिच्याशी बोललेली नसेल. मला दुसरं काही नको होतं. जायच्या आधी आईनं तिच्याशी एक शब्द बोलावा, बस.

आणि नेमकं तेव्हाच फादरांनी आमच्यात भिंत घातली.

हे गाणं दोन कॉयरचं आहे, ते म्हणाले. एक कॉयर माडीवर, दुसरा खाली अल्तारापाशी, पुढच्या वेदीजवळ. खालचे मागतील, वरचे उत्तर देतील. शेवटी शेवटी तर दोन्हीकडून एकेकच आवाज उरतो. खालून एक बाई तो शेवटचा शब्द म्हणते आणि वरून दुसरी तोच शब्द तसाच परत म्हणते, डोंगरातून हाक परत यावी तसा. मग सगळे एकदम येतात आणि गाणं संपतं. हे दोन आवाज कुणाचे, हा प्रश्नच नव्हता. इनास मास्तरांच्या हाताखाली तयार झालेल्या दोनच बायका उरल्या होत्या. मावशीला जिने झेपत नाहीत म्हणून ती खाली, आई वर.

मी फादरांना गाठून म्हटलं, फादर, मी त्या दोघींच्या मध्ये उभी असते. ते म्हणाले, आता गरज नाही, अख्खं चर्च मध्ये आहे की. बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं. मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत घरी आले.

नाताळच्या आधी आई फुगे, आमच्याकडचे मैद्याचे गोल वडे, तळत होती आणि मी नारळ खोवत होते. आमची घरातली बोली वेगळी आहे, ती इथं जशीच्या तशी लिहिली तर तुम्हांला निम्मी कळायची नाही, म्हणून सरळ मराठीत सांगते. मी म्हटलं, मावशी पाच तारखेला जाते. आई म्हणाली, जाऊ दे, विमानात जागा मिळाली ना? मी म्हटलं, तू एकदा बोल तिच्याशी. आईनं झारा कढईत तसाच ठेवला.

"ती बोलली होती माझ्याशी?"

मला गोष्ट तोंडपाठ होती, तरी ती मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकली. माझा भाऊ आयवन जन्मला तेव्हा आईची फार वाईट अवस्था झाली होती. रक्त खूप गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला उठू देऊ नका, धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. त्याच आठवड्यात आजोबा गेले. मावशीनं आईला कळवलं नाही. आजोबांना माती दिली, आणि संध्याकाळी मावशी डिंकाचे लाडू घेऊन आईपाशी आली.

"मी विचारलं, बाबा कसा आहे. हसून म्हणाली, बाबा झोपलाय." आई म्हणाली. "मी तिच्यासमोर लाडू खाल्ला, सबिना. दोन खाल्ले. तिकडं माझ्या बापावर ओली माती होती आणि मी इथं बसून लाडू खात होते."

फुगे करपायला लागले तेव्हा तिनं गॅस बंद केला.  चूक कुणाची ते मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

दोन्ही कॉयरची एकत्र तालीम झाली त्या दिवशी आईचं डोकं दुखायला लागलं. दुखणारच. तिच्या जागी फादरांनी मला म्हणायला लावलं. खाली मावशीचं से काही जात नव्हतं. फादर थांबवत, ती म्हणे, सॉरी फादर, जीभ वळत नाय. पास्कूभाऊ म्हणाले, आता ऑस्ट्रेलियात जाऊन तरी वळते का बघू. चौथ्यांदा की पाचव्यांदा तिनं स्वच्छ चे म्हटलं, मी वरून स्वच्छ चे परत पाठवलं, आणि फादर खूश झाले. मावशीनं मात्र मान वर करून माडीकडं पाहिलं. तिथं मी होते.

एक जानेवारीला सकाळच्या मिस्साला चर्च भरून गेलं होतं. नव्या साड्या, गजरे, मुलांच्या पायांत कचकचणारे नवे बूट. मी माडीवर आईच्या शेजारी उभी होते, डावी बाजू मोकळी. फादर म्हणाले, एकमेकांना शांती द्या. मी खाली पाहिलं. अल्तारापाशी मावशी सगळ्यांकडं पाठ करून माडीकडं तोंड करून उभी होती. हात जोडलेले, आणि डोळे थेट वर. एवढ्या लांबून. मी आईला कोपरानं ढोसलं. आई वहीची पानं उलटत होती, आणि तिला हवं ते पान काही सापडत नव्हतं.

कम्युनियनचा प्रसाद वाटून झाल्यावर गाणं सुरू झालं. फादर मधल्या वाटेत उभं राहून दोन्ही हातांनी दोन्हीकडं खुणा करत होते. खालून मागणं यायचं, वरून उत्तर जायचं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की हे गाणं असं का रचलंय. शांती मागायची तर समोर कुणीतरी लागतं. एकट्या माणसाला ती मागायची गरजच काय?

मग सगळे थांबले आणि मावशीचा एकटा आवाज उठला. साठीतली बाई, पण आवाज असा लख्ख की मागच्या बाकांवरच्या पोरांनीही चुळबुळ थांबवली. तो शेवटचा शब्द तिनं सावकाश घेतला, उंच नेला आणि खाली आणून ठेवला.

पासेम.

फादरांच्या कपाळाला आठी पडली. पण आता काय करणार? त्यांनी आमच्याकडं हात केला. आईनं उत्तर द्यायचं होतं.

आई गप्प. तिचे दोन्ही हात माडीच्या कठड्यावर, तोंड उघडलेलं, आवाज नाही. फादरांनी पुन्हा हात हलवला. खाली कुणीतरी खोकलं. मग फादरांची नजर माझ्यावर आली आणि त्यांनी मला बोट दाखवलं. तू घे. तालमीत मी घेतलंच होतं, मला येत होतं. मी श्वास घेतला. खालून मावशी वर बघत होती, आणि तिनं अगदी थोडी मान हलवली. नको.

मी तोंड मिटलं. फादर माझ्याकडं असे बघत राहिले की आता ही पोरगी पापकबुलीला आल्यावर हिला दाखवतो.

मावशीनं पुन्हा म्हटलं. कागदावर हे नव्हतं, कुणी सांगितलेलं नव्हतं. तोच शब्द, तसाच, पहिल्याहून जरा हळू. पासेम. आणि थांबली. सगळं चर्च तिच्याबरोबर थांबलं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मी आईकडं बघायचं धाडससुद्धा केलं नाही. मनात नुसतं म्हण, म्हण, म्हण चाललं होतं.

"पासेम," आई म्हणाली.

गायलीच ती, पण मला ते म्हणाल्यासारखं ऐकू आलं. से. चे नाही. आजोबांचं से, तसंच उंच जाऊन तसंच खाली येऊन टेकलेलं. फादरांचा हात हवेतच राहिला. मग दोन्ही कॉयर एकदम सुटले, आणि पास्कूभाऊंपासून सगळ्या म्हाताऱ्यांनी, इतक्या दिवसांची तालीम पार विसरून, पासेम पासेम म्हणत गाणं शेवटाला नेलं. रोमचं लॅटिन कुठल्या कुठं गेलं. शेवटी फादरही गात होते, आणि काय म्हणत होते ते मी ऐकलंय, पण सांगणार नाही.

मिस्सा संपला. लोक बाहेर हॅपी न्यू इयर करायला निघाले. आई माडीचा जिना उतरली, माणसांच्या उलट्या दिशेनं मधल्या वाटेनं चालत गेली. मी मागोमाग. मावशी पुढच्या बाकावर गुडघे चोळत बसली होती. आई तिच्यासमोर उभी राहिली. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाय म्हणतात. तो शब्द आईच्या तोंडून मी अकरा वर्षांत ऐकला नव्हता.

"बाय," आई म्हणाली, "तू चुकलीस."

मावशीनं वर पाहिलं.

"तूपण," ती म्हणाली.

आई तिच्या शेजारी बाकावर बसली. मध्ये जागा नव्हती, आणि मला ती नकोच होती. मी आपली बाहेर जाऊन पास्कूभाऊंच्या बायकोनं आणलेला केक खाल्ला आणि भोकाड पसरून रडले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी रडू नये गं, असं त्या म्हणत राहिल्या.

चार दिवस मिळाले त्यांना. चारच. बॅगा भरायच्या म्हणून आई सकाळी जायची ती दिवेलागणीला परत यायची, आणि बॅगा तेवढ्याच रिकाम्या असायच्या. शेवटच्या दुपारी मी मावशीच्या विहिरीवर कपडे पिळत होते आणि त्या दोघी कट्ट्यावर बसल्या होत्या, सुकेळ्यांचा डबा मध्ये. तेव्हा मावशीनं ते सांगितलं. मी ऐकतेय हे तिला ठाऊक होतं. माझ्यापासून लपवण्यासारखं त्यांच्यात आता काही नव्हतं.

आजोबा गेले त्या दिवशी त्यांना ते गाणं ऐकायचं होतं. मावशीनं आपला भाग म्हटला आणि फिलूच्या, म्हणजे आईच्या, जागी थांबली. आजोबा दाराकडं बघत राहिले. तिनं परत म्हटलं, परत थांबली. त्यांची नजर दारावरून हलेना.

"मग मला राहवेना," मावशी म्हणाली. "मी तुझंही म्हटलं. तुझ्यासारखा आवाज काढून. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, ही नाय ती. फिलू कुठाय? मी म्हटलं, येतेय."

विहिरीत कुठंतरी पाणी ठिबकत होतं. मी पिळलेलं कापड तसंच हातात धरून उभी राहिले.

"बाबाला म्हटलं फिलू येतेय, आणि तुला म्हटलं बाबा झोपलाय. एका दिवसात दोघांशी खोटं बोलले. त्या दिवशी चर्चमध्ये तुझ्या जागी मी म्हणणार नव्हते. सबिनालाही म्हणू देणार नव्हते. दुपारपर्यंत थांबले असते."

"मग मला हे आधी का नाय सांगितलंस?" आईनं विचारलं.

"काय सांगू? तो तुझी वाट बघत गेला म्हणून?"

 आईच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते ती पुसत नव्हती. मग तिनं डब्यातलं एक सुकेळं उचललं आणि मावशीच्या देखत खाल्लं. एक संपलं तसं दुसरं घेतलं.

मावशी परत आली नाही. आधी गुडघे, मग हृदय. रविवारी फोन यायचा. दोघी हवापाणी, भाजी, ग्लेनची बायको असं सगळं बोलून घ्यायच्या, आणि फोन ठेवण्याआधी मावशी तिकडून तो एक शब्द म्हणायची, आई इकडून परत म्हणायची. फोन दुरून यायचा, त्यामुळं दोन्हींच्या मध्ये जरा वेळ जायचा. त्या वेळात आई डोळे मिटून उभी असायची. मावशी तिकडंच गेली, तिकडंच तिला माती दिली. आईला जाता आलं नाही. बापाच्या मातीला नाही, बहिणीच्याही नाही. पण या वेळी तिला कळवलं होतं, त्याच दिवशी, मीच. आता आईलाही जाऊन काही वर्षं झाली.

कॉयर आता मी बघते. मुलं हुशार आहेत, मोबाइलवर युरोपातले कॉयर ऐकतात आणि माझ्याहून शुद्ध लॅटिन म्हणतात. नव्या वर्षाला ते गाणं अजून होतं, दोन्हीकडून. फादर म्हणतात, एकमेकांना शांती द्या, तेव्हा मी सवयीनं आधी डावीकडं वळते, मग उजवीकडं. कुणीतरी भलं माणूस असतंच, हात जोडतं, मीही जोडते. गाण्याच्या शेवटी खालून एक मुलगी छान, स्वच्छ पाचेम म्हणते, आणि माडीवरून दुसरी तितकंच स्वच्छ परत म्हणते. सगळं जिथल्या तिथं होतं. लोक बाहेर पडतात, चर्च रिकामं होतं, मी वह्या गोळा करते. मग माडीवरून कुणी ऐकत नाही असं बघून मी हळूच पासेम म्हणते, आणि थांबते.